ट्रम्पेटचा स्टँड कसा पारखावा?

वरात थांबली की बँडवाले घोटभर चहा घेतात. तेवढ्या वेळात ट्रम्पेट भोंगा खाली करून रस्त्यावरच उभा केलेला दिसला, की माझ्या पोटात गोळा येतो. भोंग्याचा पितळी पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्याला पोचा पडला तर कारागीर तो बऱ्यापैकी काढून देतो. पण मार पिस्टनच्या, म्हणजे सूर बदलायला बोटांनी दाबायच्या दट्ट्यांच्या, नळीला बसला तर दुखणं मोठं. पिस्टन आणि नळी यांच्यामधली फट केसाहूनही बारीक असते; नळी किंचित दबली तरी पिस्टन अडकून बसतो.

म्हणून स्टँड हवाच: खाली पाय फाकलेला दांडा, ज्याच्या वरच्या खुंटीवर ट्रम्पेट भोंगा खाली करून बसतो. तो निवडायचा मात्र गुरुत्वमध्य, म्हणजे वस्तूचं सगळं वजन जिथे एकवटल्यासारखं असतं तो बिंदू, डोळ्यांपुढे ठेवून. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा पायांच्या घेरात पडतो तोवर वस्तू उभी राहते, घेराबाहेर गेला की कोसळते. पायांची टोकं दोरीने जोडली की होतो तो घेर. तीन पायांचा स्टँड घ्या, प्रत्येक पाय मधल्या दांड्यापासून १२ सें.मी. लांब. दोन पायांच्या मधली दोरी दांड्यापासून किती दूर असेल? फक्त ६ सें.मी.! पाय तेवढेच लांब ठेवून पाच केले, तर हेच अंतर जवळपास ९.७ सें.मी. होतं.

त्यात ट्रम्पेट एकांगी. पिस्टन भोंग्याच्या नळीच्या एका बाजूला असल्यामुळे वजनही तिकडेच झुकतं. समजा, गुरुत्वमध्य २ सें.मी. बाजूला आणि स्टँडवर २८ सें.मी. उंचीवर आहे. पिस्टन दोन पायांच्या मधल्या मोकळ्या जागेवर आले, तर तिपायी स्टँड आठ अंश कलताच पडेल. हाच ट्रम्पेट नुसत्या भोंग्यावर साधारण नऊ अंशांपर्यंत तग धरतो. म्हणजे पैसे मोजून आपण धोका वाढवला! पिस्टनच्या खाली एक पाय येईल असा स्टँड नुसता फिरवला, तरी दहा अंश मिळतात. पाच पायांना पंधरा-सोळा.

बूड जड असेल तर फायदा दुहेरी. किलोभर ट्रम्पेटखाली किलोभराचं बूड असलं, की दोघांचा मिळून गुरुत्वमध्य निम्म्याजवळ खाली येतो आणि बाजूचा झोकही अर्धा होतो. पण दांड्याची खुंटी भोंग्यात घट्ट बसली तरच. वाद्य खुंटीवर डुगडुगत असेल तर बुडाचं वजन त्याला सावरू शकत नाही.

पाच पाय सपाट फरशीवरच चांगले. मांडवातल्या उंचसखल जमिनीवर त्यांतले तीनच टेकतात आणि स्टँड डुलतो. तिवई मात्र कुठेही न डुलता बसते, कारण तीन टोकं नेहमी एकाच प्रतलात येतात. अशा जागी मी लांब पायांची तिवई घेईन, आणि ती येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर ठेवीन.

चांदीचा मुलामा असलेल्या ट्रम्पेटसाठी खुंटीवर रबर किंवा लोकरी नमदा नको, जाड सुती कापड हवं. रबरातल्या आणि लोकरीतल्या गंधकाने चांदी काळी पडते.

दुकानात ६० सें.मी.ची फळी मागा. ट्रम्पेट लावलेला स्टँड तिच्यावर ठेवा, एक हात वाद्याभोवती धरा आणि फळीचं एक टोक १० सें.मी. उचला. उतार साडेनऊ अंशांचा होतो. स्टँड वळवून सगळ्या बाजूंनी हे करून बघा. एकाही बाजूने पाय उचलला गेला, तर दुसरा दाखवायला सांगा.