चंद्रावरचे ‘जिओर्दानो ब्रूनो’ विवर ११७८ साली घडले नाही

१८ जून ११७८ च्या संध्याकाळी चंद्रकोरीचे वरचे टोक दुभंगून त्यातून ज्वाळा व ठिणग्या उसळताना पाच जणांनी पाहिल्या, अशी नोंद इंग्लंडमधील कँटरबरीच्या मठातील इतिवृत्तकार जर्व्हेस याने केली आहे. १९७६ मध्ये भूवैज्ञानिक जॅक हार्टुंग यांनी या नोंदीची सांगड चंद्राच्या ईशान्य कडेच्या किंचित पलीकडे असलेल्या, सुमारे २२ किलोमीटर व्यासाच्या जिओर्दानो ब्रूनो विवराशी (अवकाशातील पाषाणाच्या आघाताने पडलेल्या खड्ड्याशी) घातली आणि माणसांच्या डोळ्यांदेखत विवर जन्मल्याची कथा रूढ झाली. ती टिकत नाही.

फसगत व्हावी असेच हे विवर आहे, हे मान्य करावे लागेल: त्याची कड अजून धारदार आहे आणि आघाताने फेकल्या गेलेल्या द्रव्याचे उजळ पट्टे भोवतालच्या जुन्या, काळवंडलेल्या भूमीवर दूरवर पसरले आहेत. मात्र चंद्रावर ना पाऊस ना वारा, त्यामुळे तेथील ‘ताजेपणा’ लाखो वर्षे टिकतो. जपानच्या कागुया यानाच्या छायाचित्रांवरून या द्रव्याच्या थरावर नंतर पडलेली बारीक विवरे मोजली असता (ती जितकी जास्त, तितका थर जुना), त्याचे वय १० लाख ते १ कोटी वर्षांच्या दरम्यान भरले.

शिवाय, ११७८ मध्ये असा आघात झाला असता तर सुमारे १ कोटी टन मलबा पृथ्वीकडे येऊन आठवडाभर उल्कांचे वादळ उठले असते, असे संशोधक पॉल विदर्स यांनी २००१ मध्ये दाखवले. आकाशाची दक्षतेने नोंद ठेवणाऱ्या चिनी, जपानी, कोरियन वा अरब निरीक्षकांच्या दप्तरी त्याचा मागमूसही नाही. त्या पाच जणांना बहुधा चंद्राच्याच दिशेने, थेट त्यांच्या रोखाने येणारी एखादी उल्का वातावरणात जळताना दिसली असावी.