जुनं वर्ष ११ जानेवारीला का संपतं?

नाताळ झाला, ३१ डिसेंबरची रात्र झाली, की युरोपातला सणांचा हंगाम आटोपला असं आपण धरून चालतो. टीव्हीवरची दृश्यंही तिथेच थांबतात. पण स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या बर्गहेड गावात जुन्या वर्षाला निरोप देतात तो ११ जानेवारीला. डांबर आणि लाकूड भरलेलं अर्धं पिंप एका दांड्यावर पक्कं ठोकतात, पेटवतात, आणि गावातली ठरलेली माणसं ते जळतं पिंप आळीपाळीने उचलून गल्लीगल्लीतून मिरवतात. त्यातलं जळकं लाकूड घरात आलं की वर्ष बरं जातं, अशी समजूत. या सगळ्या प्रकाराला तिथे ‘क्लेव्ही’ म्हणतात.

शेटलंडच्या पश्चिमेला फाउला नावाचं छोटं बेट आहे. तिथल्या मोजक्या रहिवाशांचा नाताळ असतो ६ जानेवारीला आणि नववर्ष १३ जानेवारीला. वेल्समधल्या ग्वाउन खोऱ्यातही नववर्ष १३ जानेवारीलाच. मुलं घरोघर गाणी म्हणत फिरतात आणि खाऊ-पैसे गोळा करतात. स्वित्झर्लंडमधल्या उर्नेश गावात तर वर्षाची अखेर दोनदा होते, एकदा ३१ डिसेंबरला आणि पुन्हा १३ जानेवारीला. पुरुषांची टोळकी अंगावर मोठमोठ्या घंटा बांधून भल्या पहाटे बर्फातून शेतघरांकडे निघतात. काहींच्या डोक्यावर कोरीव देखाव्यांची अवजड शिरोभूषणं असतात, काही जण पेंढा, शेवाळ आणि झाडाच्या फांद्यांनी इतके झाकलेले असतात की आत माणूस आहे हे ओळखू येत नाही. अंगणात घंटा वाजवायच्या, शब्दांवाचून एक संथ आलाप गायचा, घरच्यांना शुभेच्छा द्यायच्या आणि पुढचं घर गाठायचं.

आता तारखांकडे नीट बघा. बर्गहेडचा ३१ डिसेंबर ११ दिवस उशिरा येतो. फाउलाचा नाताळ १२ दिवस उशिरा, ग्वाउनचं नववर्षही १२ दिवस उशिरा. उर्नेशची दुसरी वर्षअखेर १३ दिवस उशिरा. हे आकडे गावकऱ्यांच्या लहरीवर ठरलेले नाहीत. त्यांच्यामागे नेमकं खगोलशास्त्र आहे, आणि माझ्या मते या सणांमधली सर्वांत रंजक गोष्ट तीच आहे.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि सूर्याभोवतीही. या दोन गतींचा एकमेकींशी पूर्णांकात हिशोब जुळावा असं निसर्गाने कुठेही ठरवलेलं नाही. ऋतुचक्र पूर्ण व्हायला सुमारे ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटं आणि ४५ सेकंद लागतात. इसवी सनापूर्वी ४५ साली ज्युलियस सीझरने लागू केलेल्या दिनदर्शिकेने हे वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं धरलं, म्हणून दर चार वर्षांनी एक लीप दिवस. चूक वर्षाला सव्वाअकरा मिनिटांची. एका माणसाच्या आयुष्यात ती जाणवत नाही, पण १२८ वर्षांत तिचा एक अख्खा दिवस होतो. दिनदर्शिकेचं वर्ष लांब असल्यामुळे ऋतू तिच्या मानाने लवकर येऊ लागतात, म्हणजे वर्षातला सर्वांत छोटा दिवस हळूहळू अलीकडच्या तारखेवर सरकतो.

किती सरकतो? इसवी सन ३२५च्या सुमारास हा दिवस २१ डिसेंबरच्या आसपास होता. पुढच्या हजार वर्षांचा हिशोब करा: १००० भागिले १२८, म्हणजे जवळपास ८ दिवस. २१ मधून ८ गेले, राहिले १३. चौदाव्या शतकात वर्षातली सर्वांत मोठी रात्र १३ डिसेंबरला येत होती, आणि १३ डिसेंबर हा संत लुसियाचा दिवस. ही लुसिया सिसिलीतल्या सिराक्युजची. तिच्या नावाचं मूळ प्रकाश या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. सिसिलीत त्या दिवशी पाव किंवा पास्ता खात नाहीत; आपल्या गव्हाच्या खिरीच्या जवळ जाणारा ‘कुचिया’ नावाचा शिजवलेल्या गव्हाचा पदार्थ करतात. स्वीडनमध्ये डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घातलेली मुलगी पुढे आणि तिच्यामागे पांढऱ्या झग्यातली मुलं, अशी मिरवणूक निघते. सोबत केशर घातलेले पिवळेधमक पाव. हे आजचं साजरं रूप तसं अलीकडचं आहे. पण लुसियाची रात्र वर्षातली सर्वांत लांब, ही उत्तरेतली जुनी समजूत मात्र चुकीची नव्हती. ही समजूत रुजली तेव्हाच्या दिनदर्शिकेनुसार ती अगदी अचूक होती. पुढे दिनदर्शिका बदलली आणि समजूत जुन्याच तारखेवर राहिली.

दिनदर्शिकेची ही दुरुस्ती पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ साली केली. ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला, म्हणजे १० दिवस गळाले. शिवाय नवा नियम आला: शतकाचं वर्ष ४०० ने भागलं गेलं तरच लीप. त्यामुळे १७००, १८०० आणि १९०० ही साधी वर्षं ठरली. जुन्या पद्धतीत मात्र ती लीपच होती, म्हणून दोन्हींतलं अंतर प्रत्येक वेळी एकेका दिवसाने वाढलं: १७०० पासून ११, १८०० पासून १२, १९०० पासून १३. २००० साल ४०० ने भागलं जातं, त्या वर्षी काही बदललं नाही.

आता ते आकडे वाचता येतात. बर्गहेडने ११ दिवसांचं अंतर पकडलं आणि ते तिथेच थांबलं. १८०० सालचा जुना २९ फेब्रुवारी त्यांच्या हिशोबात आलाच नाही. फाउला आणि ग्वाउन यांच्या हिशोबात १८०० चा लीप दिवस आहे, १९०० चा नाही. उर्नेशमध्ये दोन्ही आहेत. भूशास्त्रज्ञ खडकाच्या थरावरून काळ सांगतो, तसा इथे सणाच्या तारखेवरून सांगता येतो.

ब्रिटनने नवी दिनदर्शिका स्वीकारली १७५२ मध्ये. २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर. ‘आमचे ११ दिवस परत द्या’ म्हणत लोकांनी दंगली केल्या, ही गोष्ट इंटरनेटवर पुन्हा पुन्हा भेटते. अशा दंगलींचा समकालीन पुरावा नाही. हॉगार्थ या चित्रकाराच्या निवडणुकीवरच्या एका चित्रात तशी घोषणा दिसते, आणि त्या चित्रावरूनच पुढे दंगली रचल्या गेल्या. खरी घडलेली गोष्ट याहून मजेदार आहे. बकिंगहॅमशरमधल्या क्वेंटन गावात काटेरी हॉथॉर्नचं एक झाड होतं, ते नाताळच्या पूर्वसंध्येला फुलतं अशी ख्याती होती. नव्या तारखेचा पहिला नाताळ आला तेव्हा दोन हजारांवर माणसं रात्री कंदील घेऊन झाडापाशी जमली. झाड फुललं नाही. लोकांनी निकाल दिला: नवा नाताळ खोटा! हॉथॉर्नची एक जात वर्षातून दोनदा फुलते हे खरं आहे, एकदा वसंतात आणि एकदा थंडीत. पण तिची फुलं तापमान आणि कळीच्या वाढीप्रमाणे येतात. झाडाला तारीख कळत नाही, जुनी नाही आणि नवीही नाही. चमत्काराची परीक्षा घ्यायला लोक आले हे मला आवडतं. उत्तर मात्र त्यांनी घरूनच ठरवून आणलं होतं.

स्वीडनने याहून मोठा गोंधळ घातला. एकदम दिवस गाळायचे नाहीत, १७०० ते १७४० या काळातले सगळे लीप दिवस वगळत हळूहळू नव्या पद्धतीवर जायचं, असं ठरलं. १७०० चा वगळला. पण १७०४ आणि १७०८ चे वगळायचे राहून गेले आणि स्वीडनची दिनदर्शिका जगात कुणाशीच जुळेना. शेवटी १७१२ साली जुन्या पद्धतीवर परतण्यासाठी फेब्रुवारीत एक दिवस जास्तीचा घातला. त्या वर्षी स्वीडनमध्ये ३० फेब्रुवारी ही तारीख खरोखर होऊन गेली.

पूर्वेकडच्या अनेक ऑर्थोडॉक्स चर्चनी जुनी पद्धत सोडली नाही, म्हणून रशिया, सर्बिया, जॉर्जिया इथे नाताळ ७ जानेवारीला येतो. सर्बियात आदल्या संध्याकाळी ओकची फांदी विधिपूर्वक जाळतात. युक्रेनने २०२३ मध्ये कायदा करून सरकारी सुट्टी २५ डिसेंबरला आणली. या सगळ्यातला माझा सर्वांत आवडता माणूस सर्बियाचाच आहे: मिलुटिन मिलान्कोविच, हिमयुगांचा संबंध पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांशी गणिताने जोडणारा शास्त्रज्ञ. १९२३ मध्ये त्याने ऑर्थोडॉक्स चर्चसाठी नवा नियम सुचवला: शतकाच्या वर्षाला ९०० ने भागून बाकी २०० किंवा ६०० उरली तरच ते लीप. म्हणजे ९०० वर्षांत २१८ लीप दिवस, आणि वर्षाची सरासरी ३६५.२४२२२ दिवस. खरं ऋतुवर्ष ३६५.२४२१९ दिवसांचं, तर ग्रेगरीचं ३६५.२४२५. मिलान्कोविचचा नियम ग्रेगरीपेक्षा कितीतरी नेमका, आणि तरीही २८०० सालापर्यंत दोन्हींच्या तारखा एकच. ग्रीस, रोमानिया, बल्गेरियाच्या चर्चनी त्याची पद्धत घेतली. त्याच्या स्वतःच्या सर्बियाच्या चर्चने अजून घेतलेली नाही.

हे वाचून युरोपातल्या लोकांना हसण्याआधी आपली संक्रांत तपासावी. मकर संक्रांतीला उत्तरायण सुरू होतं असं आपण दर जानेवारीत ऐकतो, पाठवतो. सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. संक्रांत ताऱ्यांच्या चौकटीत मोजली जाते, आणि पृथ्वीचा अक्ष सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरी घेत डुलत असल्यामुळे ताऱ्यांनुसार मोजलेलं वर्ष ऋतुवर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठं असतं. म्हणून संक्रांत साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे जाते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी मकर संक्रांत होती. आज ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. लुसियाचा दिवस दिनदर्शिकेच्या चुकीमुळे मोठ्या रात्रीपासून सुटला, संक्रांत अक्षाच्या डोलण्यामुळे सुटली.

हे कुणाच्या सांगण्यावरून मानायची गरज नाही. पुण्यात सपाट गच्चीवर एक मीटरची काठी सरळ उभी करा आणि सूर्य आकाशात सर्वांत वर येतो तेव्हाची सावली मोजा. २२ डिसेंबरला ती सुमारे ९० सेंटिमीटर भरेल. संक्रांतीला पुन्हा मोजा: सुमारे ८३.