लायब्ररी आवृत्ती-संघर्ष (लिनक्स)

लायब्ररी आवृत्ती-संघर्ष : लिनक्सवरील डेस्कटॉप प्रोग्रॅम सोर्समधून (मूळ कोडमधून) कंपाइल करताना त्याला हवी असलेली लायब्ररीची (अनेक प्रोग्रॅम वापरतात अशा तयार कोडची) आवृत्ती आणि प्रत्यक्ष सापडलेली आवृत्ती यांचा मेळ न बसणे. लायब्ररी मुळातच नसेल तर तो संघर्ष नव्हे, पॅकेज बसवले की काम भागते. खरी डोकेदुखी ती दोनदा असते तेव्हा सुरू होते. एक प्रत डिस्ट्रिब्युशनच्या (डेबियन, फेडोरा यांसारख्या लिनक्स-संचाच्या) पॅकेजमधून /यूएसआर खाली आलेली असते, दुसरी कधीतरी हाताने /यूएसआर/लोकल खाली बसवून विसरलेली.

एकाच लायब्ररीचा शोध तीनदा होतो. कंपायलर हेडर फाइल (लायब्ररीतील फंक्शनांची घोषणा) शोधतो, कंपाइल झालेले तुकडे जोडणारा लिंकर .एसओ फाइल (लायब्ररीचा प्रत्यक्ष कोड) शोधतो आणि प्रोग्रॅम सुरू होताना लायब्रऱ्या मेमरीत आणणारा डायनॅमिक लोडर तीच .एसओ पुन्हा नव्याने शोधतो. तिघांच्या डिरेक्टरींच्या याद्या वेगळ्या असतात आणि आधीच्याला काय सापडले हे पुढचा विचारत नाही. त्यामुळे ‘कोणती आवृत्ती बसवली आहे?’ या प्रश्नाने फारसे हाती लागत नाही. कोणाला कोणती सापडली, हे पाहावे लागते.

फाइलींची नावे : पीएनजी चित्रांच्या लिबपीएनजी या लायब्ररीच्या १.६.३७ या आवृत्तीची खरी फाइल लिबपीएनजी१६.एसओ.१६.३७.० या नावाची असते. लिबपीएनजी१६.एसओ.१६ हे तिचे ‘एसओ-नाव’. लिंकर हेच नाव प्रोग्रॅममध्ये नोंदवतो आणि लोडर फक्त तेच पाहतो. शेवटी आकडा नसलेली लिबपीएनजी१६.एसओ ही लिंक केवळ लिंकरसाठी असते. ती आणि हेडर फाइली डेबियनमध्ये ‘-डेव्ह’, तर फेडोरामध्ये ‘-डेव्हेल’ शेपूट असलेल्या पॅकेजात मिळतात. लायब्ररी दिसते आहे, इतर प्रोग्रॅम ती वापरतही आहेत, तरी लिंकर ‘कॅनॉट फाइंड’ म्हणतो, त्यामागे बहुधा हे पॅकेज नसणे हेच कारण असते.

मेळ कुठे तुटतो : मेसन, सीमेक आणि ऑटोटूल्स या बिल्ड-व्यवस्था अनेक लायब्रऱ्यांची आवृत्ती पीकेजी-कॉन्फिग या साधनाला विचारतात आणि ते लायब्ररीसोबत येणारी .पीसी ही माहिती-फाइल वाचून उत्तर देते. डेबियनमधले पीकेजी-कॉन्फिग /यूएसआर/लोकल आधी पाहते. फेडोरामधले तिकडे आपणहून पाहतच नाही. जीसीसी हा कंपायलर मात्र दोन्हीकडे /यूएसआर/लोकल/इन्क्लूड हीच डिरेक्टरी /यूएसआर/इन्क्लूडच्या आधी चाळतो. म्हणून फेडोरावर आवृत्तीची तपासणी पॅकेजच्या प्रतीवर पास होते आणि हेडर हाताने बसवलेल्या प्रतीचे उचलले जाते. जीलिबसारख्या लायब्रऱ्या यातून सहसा सुटतात, कारण त्यांचे हेडर स्वतंत्र उपडिरेक्टरीत असतात आणि पीकेजी-कॉन्फिग तिचा पत्ता स्पष्ट देते. अडकतात त्या लिबजेपेगसारख्या, हेडर थेट इन्क्लूडमध्ये ठेवणाऱ्या. तिथे ‘राँग जेपेग लायब्ररी व्हर्जन : लायब्ररी इज ६२, कॉलर एक्स्पेक्ट्स ८०’ असा संदेश आला तर हेडर ८० चे आणि लोडरने उचललेली फाइल ६२ ची, असा त्याचा सरळ अर्थ. असा स्पष्ट बोलणारा संदेश नशिबानेच मिळतो. बाकी लायब्रऱ्या स्ट्रक्चरचा (डेटाच्या रचनेचा) आकार बदलला तरी गप्प राहतात आणि प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी कोसळतो.

एररवरून टप्पा ओळखणे : फंक्शन ‘डिक्लेअर’ केलेले नाही अशी तक्रार आली तर हेडर जुने आहे. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ ही लिंकरची तक्रार : हेडर नवे, .एसओ जुनी. त्या तक्रारीतल्या फंक्शनच्या नावात ‘सीएक्सएक्स११’ दिसले तर प्रकरण वेगळे असते. २०१५ मध्ये जीसीसी ५ ने सी++ च्या स्ट्रिंगची अंतर्गत रचना बदलली. लायब्ररी जुन्या रचनेने आणि प्रोग्रॅम नव्या रचनेने कंपाइल झाला असेल तर दोन्ही एकाच कंपायलरने पुन्हा बांधणे हाच स्वच्छ उपाय. प्रोग्रॅम बांधून झाल्यावर, चालवताना येणारा ‘सिम्बॉल लुकअप एरर’ लोडरचा असतो : लिंक करताना नवी .एसओ होती, चालवताना जुनी मिळाली.

‘जीलिबसी_२.३४ नॉट फाउंड’ हा संदेश वेगळ्या जातीचा. जीलिबसी (सी भाषेची मूलभूत लायब्ररी, वर आलेली जीलिब नव्हे) मागच्या आवृत्त्यांशी सुसंगत राहते, पण उलट दिशेने नाही. जुन्या यंत्रणेवर बांधलेला प्रोग्रॅम नव्यावर चालतो, नव्यावर बांधलेला जुन्यावर चालेलच असे नाही. २०२१ च्या २.३४ या आवृत्तीत थ्रेडची लिबपीथ्रेड ही लायब्ररी मुख्य लायब्ररीत विलीन झाल्याने हा आकडा वारंवार दिसतो. यावर यंत्रणेची जीलिबसी हाताने बदलू नये. ती फसली तर एलएस आणि सीपी यांसारख्या साध्या आज्ञासुद्धा चालत नाहीत आणि दुरुस्ती बाहेरच्या डिस्कवरून करावी लागते. प्रोग्रॅम त्या जुन्या यंत्रणेवरच बांधावा.

‘जीटीके २ आणि जीटीके ३ एकाच प्रोसेसमध्ये चालत नाहीत’ असे सांगून बंद पडणारा प्रोग्रॅम पाथ बदलून सुधारत नाही. खिडक्या-बटणे काढणाऱ्या जीटीके लायब्ररीच्या या दोन्ही पिढ्या एकाच यंत्रणेवर शेजारी शेजारी बसवता येतात, मात्र एका प्रोसेसमध्ये नाही. एखादी मधली लायब्ररी किंवा प्लगइन जुन्या जीटीकेवर लिंक झालेले असते, ते शोधून पुन्हा बांधावे लागते. लिबसूप (एचटीटीपीची लायब्ररी) २ आणि ३ यांचेही तसेच.

तपासणी : पीकेजी-कॉन्फिगला ‘--मॉडव्हर्शन’ दिले की आवृत्ती कळते, पण त्याहून उपयोगी ‘--व्हेरिएबल=पीसीफाइलडिर’, कारण उत्तर कुठल्या डिरेक्टरीतून आले ते त्याने समजते. जीसीसीला ‘-एच’ दिल्यास उचललेल्या प्रत्येक हेडरचा पूर्ण पाथ छापला जातो, लिंकरला ‘--ट्रेस’ दिल्यास प्रत्येक .एसओचा. तयार प्रोग्रॅमवर रीडएल्फ ‘-डी’ चालवले की ‘नीडेड’ ओळींत फक्त थेट गरजा दिसतात. एलडीडी ही आज्ञा अप्रत्यक्ष गरजाही दाखवते. तिच्या यादीत एकाच लायब्ररीची दोन एसओ-नावे दिसली तर संघर्ष सापडला. लोडरने कुठे कुठे शोधले ते एलडी_डीबग=लिब्ज ठेवून प्रोग्रॅम चालवल्यावर ओळीने दिसते.

उपाय : आधी गरज खरी आहे का ते पाहावे. मेसन.बिल्डमध्ये जीटीके४ ची किमान आवृत्ती ४.१० लिहिली असेल आणि यंत्रणेवर ४.८ असेल तर आकडा खाली आणण्याचा मोह होतो. क्वचित चालतेही. बहुतेक वेळा मात्र तासभर कंपाइल झाल्यावर तेच फंक्शन गायब असल्याचे कळते. त्यापेक्षा प्रोग्रॅमचा जुन्या लायब्ररीवर चालणारा आधीचा टॅग (खूण केलेली जुनी आवृत्ती) घेणे स्वस्त पडते. डेबियनमध्ये एपीटीच्या बिल्ड-डेपने (सोर्स रिपॉझिटरी सुरू असल्यास) आणि फेडोरामध्ये डीएनएफच्या बिल्डडेपने पॅकेजातील आवृत्तीच्या सर्व गरजा एकदम बसतात. थोड्या नव्या आवृत्तीलाही त्यातल्या बहुतेक पुरतात.

नवी लायब्ररी बांधणे अटळच असेल तर ती /यूएसआरमध्ये बसवू नये, कारण पुढच्या अपडेटला पॅकेज मॅनेजर तिच्यावरून लिहितो. डेबियनमध्ये /यूएसआर/लोकलही निरुपद्रवी नाही. लोडरच्या यादीत ती डिरेक्टरी आधी येते, म्हणून तिथे ठेवलेली जीलिब फक्त नव्या प्रोग्रॅमला नव्हे, साऱ्या डेस्कटॉपला मिळते. /ऑप्ट खाली प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळा प्रीफिक्स (बसवण्याची मूळ डिरेक्टरी) घ्यावा, त्यातली पीकेजी-कॉन्फिगची डिरेक्टरी पीकेजी_कॉन्फिग_पाथमध्ये टाकावी आणि लिंक करताना ‘-आरपाथ’ (लायब्ररी शोधण्याचा, प्रोग्रॅममध्येच लिहिला जाणारा पत्ता) द्यावा. लोडरला शोधाच्या डिरेक्टरी बाहेरून सांगणारा एलडी_लायब्ररी_पाथ चाचणीपुरता ठीक. तो शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये लिहिला की त्या शेलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला लागू होतो.

आरपाथमध्ये दोन खाचखळगे आहेत. सीमेक बिल्ड डिरेक्टरीतल्या प्रोग्रॅमला आरपाथ देते, पण इन्स्टॉल करताना तो काढून टाकते. बिल्डमधून चालणारा प्रोग्रॅम इन्स्टॉलनंतर लायब्ररी सापडत नाही म्हणतो, तो यामुळे. सीमेक_इन्स्टॉल_आरपाथ द्यावा लागतो. दुसरे, अनेक डिस्ट्रिब्युशनांत लिंकर आरपाथऐवजी ‘रनपाथ’ लिहितो आणि तो थेट गरजांपुरताच लागू असतो. प्रोग्रॅमला हवी असलेली लायब्ररी सापडते, त्या लायब्ररीला हवी असलेली दुसरी सापडत नाही. त्या मधल्या लायब्ररीलाही स्वतःचा रनपाथ हवा.

काहीही बदलले की बिल्ड डिरेक्टरी पूर्ण पुसून पुन्हा सुरुवात करावी. सीमेक सापडलेले पाथ सीमेककॅशमध्ये जपून ठेवते आणि पीकेजी_कॉन्फिग_पाथ बदलला तरी जुनेच उत्तर देत राहते. मेसनला ‘--वाइप’ पुरते.

हाताने बसवलेली जुनी प्रत काढायची तर मेक अनइन्स्टॉल किंवा निंजा अनइन्स्टॉल मूळ बिल्ड डिरेक्टरीतूनच चालवावे लागते, म्हणून ती राखून ठेवलेली बरी. सीमेकच्या बाबतीत इन्स्टॉल_मॅनिफेस्ट ही फाइल असली तरी पुरे, बसवलेल्या प्रत्येक फाइलचा पाथ तिच्यात असतो. फाइली काढल्यावर एलडीकॉन्फिग चालवावे, नाहीतर लोडरच्या कॅशमध्ये काढलेल्या प्रतीची नोंद तशीच राहते.