गोल्फमध्ये चिप मारताना चेंडू उचलावा लागतो का?

‘चेंडू हवेत हवा, तर मनगटाने खालून उचला’ हा सल्ला चिपसाठी, म्हणजे ग्रीनजवळून (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताजवळून) मारायच्या छोट्या फटक्यासाठी, वर्षानुवर्षे फिरतो आहे. चेंडू वर जाताना दिसतो, त्यामुळे तो पटतोही. पण ते काम क्लबच्या (गोल्फच्या काठीच्या) तिरक्या तोंडाचं. सँड वेज या क्लबचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा तिरका कोन, साधारण 54 ते 58 अंश असतो. क्लब खाली येताना लागला तरी हा कोन चेंडू वरच पाठवतो. उचलायला गेलं की वजन मागच्या पायावर जातं, स्विंगचा तळ (क्लब सर्वात खाली येतो ती जागा) चेंडूच्या मागे सरकतो. मग क्लब आधी जमिनीत रुततो, नाहीतर त्याची कड चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू ग्रीनपलीकडे सुसाट.

पडताळायचं असेल तर चेंडूमागे वीतभर अंतरावर टॉवेल अंथरा, वजन पुढच्या पायावर ठेवा. टॉवेलला न लागता चेंडू उडतोच. बंकरमधला (वाळूच्या खड्ड्यातला) नेहमीचा फटका मात्र निराळा: तिथे क्लब मुद्दाम चेंडूच्या मागे, वाळूत उतरवतात.