पेट्रोल की करंट? जुनी गाडी बंद पडली की आधी हे ठरवा

किक मारून मारून पोटरी भरून आली की आपण दोनपैकी एक वाक्य बोलतो. "पेट्रोल येत नसेल." नाहीतर, "करंट जात असेल." वरवर पाहिलं तर दोन्हींची लक्षणं सारखीच असतात. गाडी झटके देते, पिकअप घेत नाही, सिग्नलला बंद पडते आणि मग चालूच होत नाही. अशा वेळी बहुतेकदा आधी कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उघडला जातो, कारण तो समोर दिसतो आणि साफ केल्याचं समाधान मिळतं. वडिलांच्या 1998 च्या स्प्लेंडरचा कार्बोरेटर एका गॅरेजमध्ये एका पावसाळ्यात तीनदा साफ झाला. दोष इग्निशन कॉइलमध्ये, म्हणजे ठिणगीसाठी करंट वाढवणाऱ्या वेटोळ्यात होता.

हे सगळं कार्बोरेटरच्या गाड्यांना लागू आहे. एप्रिल 2020 ला बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम आल्यापासून नव्या गाड्या जवळजवळ सगळ्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत, त्यांचा हिशोब वेगळा. पण पुण्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये अजून सीडी 100 आहेत, आरएक्स 100 आहेत, पहिल्या पिढीच्या पल्सर आहेत, आणि त्या चालत राहाव्यात असं मनापासून वाटणारी माणसंही आहेत.

पहिला पुरावा गाडी बंद पडतानाच मिळतो. नाना पेठेतल्या एका वयस्कर मेकॅनिकनं माझी गाडी बघण्याआधी मला विचारलं होतं, "कशी बंद पडली? हळूहळू की एकदम?" पेट्रोल कमी पडलं की गाडी आधी कुरकुरते. ओढ कमी होते, थ्रॉटल पिळला की उलट दबते, दोन-चार हिसके देते आणि मग थांबते. करंट गेला की चावी फिरवल्यासारखी एका क्षणात बंद. करंट पूर्ण न जाता मधूनमधून तुटत असेल तर मिसिंग होतं (मधल्या काही ठिणग्या चुकतात) आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन तिथे फटाका वाजतो. तोच फुसका आवाज पुढून, कार्बोरेटरच्या बाजूनं आला तर बहुधा पेट्रोल कमी आणि हवा जास्त होतेय.

गाडी अडखळत का होईना चालत असेल तर चोक ओढून बघा. चोकनं हवा कमी होते. ओढल्यावर गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय, बहुतेक जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक नळीत, कचरा आहे. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, त्यामुळे दोन महिने उभ्या राहिलेल्या गाडीतलं पेट्रोल सुकून त्याचा चिकट थर तिथे बसला तरी ते बुजतं. चोकनं गाडी आणखी गुदमरली तर पेट्रोल आधीच जास्त येतंय. काहीच फरक पडला नाही तर संशय करंटकडे वळवा.

गाडी चालूच होत नसेल तर प्लग, म्हणजे ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग, काढा. दहा-बारा किका मारल्यावरही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) चालू आहे का, रिझर्ववर टाकून काही होतं का, हे बघा आणि कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करा. पेट्रोल सलग धारेनं यायला हवं. ते पारदर्शक बाटलीत धरा. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी आहे. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन खाली बसतात. कार्बोरेटर पेट्रोल घेतो ते टाकीच्या तळातूनच.

प्लग ओला असेल तर मात्र घाई करू नका, खरा गोंधळ इथे होतो. ओल्या प्लगचे दोन अर्थ असतात. एक, पेट्रोल नीट येतंय पण ठिणगी नसल्यानं जळत नाही. दोन, फ्लोटची नीडल (वाटी भरली की पेट्रोल अडवणारी सुई) अडकून गाडी ओव्हर होतेय, म्हणजे पेट्रोल जास्त येतंय, आणि चांगल्या ठिणगीलाही पेट्रोल भिजवून टाकतंय. पहिला करंटचा दोष, दुसरा पेट्रोलचा. कॉक बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्लग बाहेर असतानाच सात-आठ किका मारून आतलं पेट्रोल उडवून लावा. मग प्लग पुसून, सुकवून बसवा आणि कॉक बंद ठेवूनच किक मारा. गाडी चालू झाली आणि कॉक उघडल्यावर पुन्हा गुदमरली, तर नीडल बघा. चालूच झाली नाही तर ठिणगी बघा.

ठिणगी बघायची तर प्लग कॅपमध्ये घालून त्याचा लोखंडी भाग इंजिनच्या हेडला टेकवा आणि किक मारा. प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ येते आणि ती पेट घेऊ शकते. निळी, चटचट आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळसर, मरगळलेली ठिणगी म्हणजे कमजोर करंट. आणि बाहेर उघड्या हवेत पडलेली ठिणगी आत दाबाखाली पडेलच असं नाही, म्हणून खात्रीचा एक चांगला प्लग जवळ ठेवावा. हॉर्न घोगरा वाजतो म्हणून "करंट नाही" असंही म्हणू नये. जुन्या सीडी 100 किंवा स्प्लेंडरमध्ये ठिणगीचा करंट इंजिनबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटकडून येतो, बॅटरी मेली तरी गाडी किकवर चालू होते.

आता सगळ्यात फसवी जोडी. आमच्याच इमारतीतल्या एका शेजाऱ्याची आरएक्स 100 आणि आमची स्प्लेंडर, दोन्ही कात्रजच्या जुन्या घाटात बंद पडायच्या, आणि पंधरा-वीस मिनिटं उभ्या ठेवल्या की काही न करता चालू व्हायच्या. दोघांनाही एकच निदान मिळालं होतं, "गाडी तापते." शेजाऱ्यांच्या गाडीच्या टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं होतं. पेट्रोल खाली उतरतं तशी टाकीत वरून हवा जायला हवी. ती गेली नाही की आत पोकळी होते आणि पेट्रोल अडून राहतं. टाकी भरलेली असली तर हे आणखी लवकर होतं, कारण आत हवा मुळातच थोडी असते. आमच्या कॉइलमधली बारीक तारेची वेटोळी तापली की तुटायची, थंड झाली की पुन्हा जुळायची. चढावर इंजिन तापतंही जास्त आणि पेट्रोल पितंही जास्त, म्हणून दोन्ही दोष घाटातच उघडे पडत होते.

फरक कळायला लागला एक मिनिट. गाडी बंद पडल्या पडल्या झाकण उघडायचं. सुस्स आवाज आला आणि थोड्या वेळात, इंजिन गरम असतानाच, गाडी चालू झाली तर भोक बुजलंय. झाकण उघडूनही काही झालं नाही तर तिथेच, गरम असताना, ठिणगी बघायची. थंड झाल्यावर गॅरेजमध्ये नेली तर कॉइल निर्दोष दिसते. आमची तशीच तीनदा दिसली.

पावसाळ्यातही असंच होतं. सिंहगड रोडवर साचलेल्या पाण्यातून काढलेली गाडी लगेच बंद पडली तर आधी प्लग कॅप ओढून कोरडी करा, केबलचं टोक हिरवं पडलं असेल तर पाव इंच कापून कॅप पुन्हा पिळून बसवा. रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी चालू होऊन अर्ध्या किलोमीटरवर मेली, तर झाकणाच्या खराब रबरातून टाकीत पाणी गेलंय का ते बघा.

पेट्रोलही आहे, ठिणगीही निळी आहे आणि किक पायाला अगदी हलकी लागतेय, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलंय. व्हॉल्व्ह किंवा रिंगचं काम निघेल.

शेजाऱ्यांच्या झाकणाचं भोक टाचणीनं मोकळं झालं. आमच्या गाडीला नाना पेठेतून नवी कॉइल आणली, आणि पुढच्या रविवारी दोन्ही गाड्या न थांबता जुन्या बोगद्यापर्यंत चढल्या.