रोडगे आणि पानगे: शेतातल्या जेवणात फरक कुठे पडतो

दोन्ही गव्हाच्या जाड पिठाचे, दोन्ही गोवऱ्यांवर भाजलेले, दोन्हींसोबत तुरीचं वरण अन् वांग्याची भाजी. म्हणून बाहेरचा माणूस दोन्हींना एकच समजतो, आणि काही गावांत नावांचीही अदलाबदल होते. पण सामान आणि वेळ ठरवायची असेल तर फरक माहीत पाहिजे. तो मुख्यतः तेलात, गोवऱ्यांत आणि उरलेल्याचं काय होतं यात आहे.

रोडगा म्हणजे पदरांचा गोळा. पीठ रव्याच्या जवळ जाईल इतकं जाड दळून आणायचं. बन्सी गहू मिळाला तर उत्तम, रेशनचा गहूही निवडून चालतो. १ किलो पिठाला ४ मोठे चमचे तेलाचं मोहन, चवीपुरतं मीठ, चमचाभर ओवा आणि साधारण ४५० मिली पाणी. घट्ट भिजवून अर्धा तास झाकून ठेवा, कारण जाड पीठ पाणी हळू पितं. एका रोडग्याच्या कणकेचे लहान-मोठे चार भाग करा. सगळ्यात लहान भागाची पुरी लाटून तेल लावायचं, गोळा करायचा. तो त्याहून मोठ्या पुरीत गुंडाळायचा, पुन्हा तेल, पुन्हा पुरी. पदरांना तेल लावायला हात आखडला तर पदर एकमेकांना चिकटतात आणि मधला गोळा कच्चा राहतो. काटकसर करायचीच तर ती वरून सोडायच्या तुपात करा, पदरांत नको. एवढ्या पिठाचे १० रोडगे होतात; पाच-सहा जण पोटभर जेवतात.

पानग्याला पदर नाहीत. त्याच पिठाला मोहन २ चमचे पुरतं, पाणी मात्र ६०० मिलीच्या आसपास, म्हणजे कणीक सैल होते. बोटभर जाडीचा, तळहाताएवढा पानगा थापून पळसाच्या दोन ओल्या पानांमध्ये ठेवायचा. पान करपतं, पण त्याच्या वाफेनं आतला पानगा मऊ राहतो. सुकं पान लगेच पेटतं आणि राख कणकेला चिकटते, म्हणून पानं पाण्यात बुडवून घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलांनी भरतो, पण पानं गळालेली असतात. तेव्हा केळीची पानं घरून न्यावी लागतात किंवा सरळ रोडग्यांचा बेत करावा.

खरा घोटाळा होतो विस्तवात. पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) आणि तुराट्या (तुरीच्या वाळलेल्या काड्या) भडाभडा जळतात, आर म्हणजे निखारा टिकत नाही. त्यांचा उपयोग फक्त गोवऱ्या पेटवण्यापुरता. किलोभर रोडग्यांना मध्यम आकाराच्या २०-२५ गोवऱ्या लागतात, पानग्यांना निम्म्यात भागतं. ओलसर गोवरी धुमसते आणि धुराचा वास रोडग्यात उतरतो. ज्वाळा अन् धूर संपून गोवरीवर पांढरी राख धरेपर्यंत थांबा. ज्वाळेवर टाकलेला रोडगा वरून काळा होतो, आत पीठच राहतं. विस्तव पसरून रोडगे आधी आरावर सतत फिरवत १५ मिनिटं भाजा, मग फुफाट्यात, म्हणजे गरम राखेत, पुरून अर्धा तास ठेवा. वर तडे गेले, टिचकी मारल्यावर पोकळ वाजला आणि हाताला हलका लागला की झाला. फडक्यात धरून दाबला की पदर सुटतात. पानगे पुरायचे नाहीत. आरावर एका बाजूनं ८-१० मिनिटं, उलटून तेवढीच.

म्हणजे शेतात उशिरा पोचणार असाल, तेल कमी असेल, तर पानगे. दिवसभर थांबायचं असेल आणि दुसऱ्या दिवसाची न्याहारीही त्यातच काढायची असेल तर रोडगे. शिळा पानगा चिवट होतो, तो वरणात शिजवल्याशिवाय खाववत नाही. रोडगा मात्र कुस्करून गूळ घातला की सकाळी लाडूसारखा लागतो, किंवा कांदा-मिरचीच्या फोडणीत परतता येतो. उरलेल्यांचा हिशोब धरला की रोडग्यात गेलेलं जास्तीचं तेल वाया जात नाही.

वरणाला सहा जणांना ३०० ग्रॅम तूरडाळ पुरते. ती घरूनच भिजवून न्या. खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथं जमिनीतलं पाणी खारं असतं तिथं, विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, म्हणून डाळीपुरतं गोडं पाणीही सोबत असू द्या. वांगी, कांदे, लसूण त्याच फुफाट्यात भाजून घेतले की भाजीला वेगळं सरपण लागत नाही.

जागा स्वतःच्या शेतातली, काडीकचरा झाडलेली हवी. जंगलात किंवा जंगलाच्या कडेला विस्तव करू नका. उन्हाळ्यात एक ठिणगी वणव्याला पुरते. फुफाटा वरून थंड दिसला तरी आत आर असतो, म्हणून पाणी ओतून, काडीनं उकरून पुन्हा पाणी ओता, मग माती टाका.

घरी गोवऱ्या नसतील तर पानगे जाड तव्यावर पानासकट, झाकण ठेवून मंद आचेवर जमतात. रोडग्यांना तव्याची आच आतपर्यंत पुरत नाही; त्यासाठी बाटीचा ओव्हन तरी हवा.