तडितरक्षक आणि घराची अर्थिंग

इमारतीवर पडणारी वीज धातूच्या मार्गाने जमिनीत उतरवणारी रचना. छपरावरील ग्राही दांडे, भिंतीवरून उतरणारे वाहक व जमिनीतील इलेक्ट्रोड हे तिचे भाग. वीज टाळण्याचे काम ती करीत नाही. वीज पडणार हे धरूनच तिची आखणी होते.

ही कल्पना बेंजामिन फ्रँक्लिन याने १७५० च्या सुमारास मांडली. १० मे १७५२ रोजी फ्रान्समधील मार्ली येथे फ्रेंच शास्त्रज्ञ दालिबार याच्या प्रयोगात उंच लोखंडी दांड्यातून ठिणग्या मिळाल्या. फ्रँक्लिनच्या पतंगाच्या प्रयोगाचा तपशील मात्र वादग्रस्त आहे. मोरेव्हियातील धर्मगुरू प्रोकोप दिविश याचे १७५४ चे यंत्र काही लेखक स्वतंत्र शोध मानतात. परंतु ढगांतील विद्युत् भार काढून घेणे हा त्याचा हेतू असल्याने अग्रमान बहुधा फ्रँक्लिनकडेच जातो. टोकदार दांडा की बोथट, हा वाद १७७० च्या दशकात ब्रिटनमध्ये राजकारणापर्यंत गेला. पुढील क्षेत्रीय निरीक्षणांचा कल बेताच्या बोथट टोकांकडे आहे. घरासाठी हा फरक गौण आहे.

निर्णायक भाग जमिनीलगतचा. आघाताचा प्रवाह साधारणतः ३० किलोअँपिअर धरतात. अर्थिंगचा रोध १० ओहम असला, तरी त्यावर ३ लाख व्होल्ट येतात. म्हणून रोध घटवण्याइतकीच, किंबहुना अधिक, समवर्चस् जोडणी (सर्व धातूचे भाग एकाच व्होल्टतेवर ठेवणारी जोडणी) महत्त्वाची : तडितरक्षक, वीजपुरवठा आणि अँटेना यांच्या अर्थिंग व धातूचे नळ जाड वाहकाने एकत्र बांधावे लागतात. तडितरक्षकाच्या अर्थिंगचा खड्डा बाकीच्यांपासून तोडून ठेवण्याची पद्धत धोक्याची आहे; दोन अर्थिंगमधील व्होल्टतेचा फरक घरातील उपकरणांतून वाट काढतो.

१०० ओहम-मीटर रोधकतेच्या मातीत ३ मी. लांब, १६ मिमी. व्यासाच्या एका दांड्याचा रोध सुमारे ३३ ओहम येतो. दुसरा दांडा निदान पहिल्याच्या लांबीइतका दूर ठोकावा. जवळ ठोकल्यास लाभ घटतो. खडकाळ जागी भिंतीपासून सुमारे १ मी. अंतरावर व किमान अर्धा मीटर खोल वाहकाचे वलय पुरतात. मिठाने रोध तात्पुरता उतरतो, पण मीठ पावसाने वाहून जाते आणि तोवर धातू गंजलेला असतो.

उतरते वाहक किमान दोन, शक्यतो समोरासमोरच्या कोपऱ्यांवर, ५० चौ. मिमी. छेदाचे व सरळ असावेत. वाहकाची प्रेरकता (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण) मीटरला सुमारे १ मायक्रोहेन्री असते. प्रवाह एका मायक्रोसेकंदात ३० किलोअँपिअरने वाढला, तर दर मीटरला ३० हजार व्होल्ट उभे राहतात. छज्ज्याला वळसा घालून तार नेली, की वीज वळसा सोडून भिंतीतून उडी घेते ती यामुळेच. ॲल्युमिनियम जमिनीत पुरत नाहीत. तांब्याशी त्याचा सांधा द्विधातू क्लॅम्पनेच करतात.

तारांवाटे येणाऱ्या व्होल्टतेच्या क्षणिक लाटेसाठी मुख्य वितरण पेटीत लाटरोधक (सर्ज प्रोटेक्टर) लागतो. त्याच्या जोडतारांची एकूण लांबी अर्ध्या मीटरच्या आत हवी. अर्थिंगच्या रोधाची मोजणी कोरड्या ऋतूत, चाचणी-सांधा (उतरता वाहक व इलेक्ट्रोड यांमधील सुटा करता येणारा जोड) सोडवून करतात. लोखंडी नळ बदलून प्लास्टिकचे बसवले असल्यास नळावर अवलंबून असलेली अर्थिंग तुटलेली असते. अशा वेळी जोडण्यांचे सातत्यही तपासावे लागते.